घासलेल्या तबकड्या

(बी. ए. द्वितीय वर्ष)

प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते आमच्या घरातील एका पत्र्याच्या पेटीचे. ही पेटी माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या माळवदाच्या घरात, ज्वारीच्या कणगीमागे पडलेली होती. तिच्यात ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या आहेत हे आम्हा भावंडांना ठाऊक होते. परंतु त्या वाजविण्याचे यंत्र घरात नसल्यामुळे तबकडी म्हणजे एक काळी, जड थाळी, यापलीकडे आमचे ज्ञान नव्हते. लहानपणी भातुकलीत मी त्यातली एक तबकडी तवा म्हणून चुलीवर ठेवली होती. ती तडकली आणि मी आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, हातचा आयुष्यातला एकमेव मार खाल्ला. मार का बसला हे कळायला मात्र बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

गेल्या उन्हाळ्यात त्या पेटीला गिऱ्हाईक आले. जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे एक गृहस्थ ओळखीतून ओळख काढीत मोठ्या शहरातून आमच्या गावी येणार होते. त्यांना तबकड्या हव्या होत्या. धाकट्या भावाच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते आणि हळदीचे पैसे यायला अवकाश होता, त्यामुळे वडिलांनी होकार कळविला. मी एक महिन्याची मुदत मागून घेतली. सगळ्या तबकड्यांची वहीत नोंद केल्याशिवाय एकही घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा हट्ट धरला. आमच्या घरात वही-पेन घेऊन बसणारी मी पहिलीच. त्यामुळे हा हट्ट कुणी मोडला नाही. त्या नोंदी करताना जे वाचले, ऐकले आणि मनात आले ते येथे मांडीत आहे.

प्रथम तबकडी म्हणजे काय ते पाहू. एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याच्या आधी एडिसनचा फोनोग्राफ होता, पण त्यावर नळकांडे फिरत असे. नळकांड्यापेक्षा सपाट तबकडीच्या प्रती छापणे सोपे, म्हणून पुढे तबकडीच टिकली. फ्रेड गायसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक १९०२ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला त्याने गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तेथील कारागिरांना गाणे कुणाचे ते कळावे म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारीत असे. पुढे १९०८ साली कलकत्त्याला सियालदह येथे कारखाना निघाला आणि नंतर तो डमडमला गेला. आमच्या पेटीतील बहुतेक माल डमडमचाच आहे. कुत्रा कर्ण्यात डोकावतो आहे असे चित्र असलेल्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकडीवर क्रमांकाआधी ‘एन’ हे अक्षर असते, तर ‘कोलंबिया’च्या तबकडीवर ‘जी. ई.’ ही अक्षरे असतात. या दोन कंपन्या १९३१ साली एकत्र झाल्या होत्या. गिऱ्हाइकाला मात्र त्या शेवटपर्यंत दोन वाटत राहिल्या.

या तबकड्या लाखेच्या. लाखेचा किडा कुसुम, बोर आणि पळस या झाडांवर वाढतो, आणि जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख प्रामुख्याने बंगाल-बिहारच्या जंगलांतून जात असे. त्या लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जाई. म्हणूनच ती दगडासारखी जड आणि काचेसारखी ठिसूळ. फाल्गुनात आमच्या शिवारात पळस फुलतो. लंडन-न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत गाणाऱ्या वस्तूचे मूळ याच झाडावरच्या किड्यात होते, हे वाचून मला गंमत वाटली.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. तीन मिनिटांची ही चौकट आपल्या संगीताला चांगलीच जाचली असणार, कारण तासभर चालणारा राग त्यात बसवायचा म्हणजे हत्ती उखळात बसविण्यापैकी. उलट भावगीताला मात्र ती मानवली. वकिली सोडून ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आलेल्या गो. ना. जोशी यांनी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायिली आणि ती तबकडी घरोघर गेली. मेहकर आमच्याहून फार लांब नाही. बुलढाणा जिल्ह्यातील एका कवीचे शब्द तबकडीवर बसून महाराष्ट्रभर फिरले, ही गोष्ट मराठी विभागाच्या विद्यार्थिनीने अभिमानाने सांगायला हरकत नाही.

परंतु ‘घरोघर’ हा शब्द लिहिला आणि येथेच माझा हात थांबला. कोणाच्या घरोघर?

आपल्या मराठी साहित्यात स्मरणरंजनाला मोठी जागा आहे. दिवाळी अंकांतून, आत्मचरित्रांतून आपण स्वातंत्र्याच्या आगेमागे असलेल्या लहान गावाचे चित्र वारंवार वाचतो. वाडा, ओसरी, दिवाणखान्यात कर्ण्याचा ग्रामोफोन, बालगंधर्व किंवा मास्टर दीनानाथ यांची पदे, चावी देण्याचा मान धाकट्या मुलाचा. हे चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. मला ते वाचायला आवडतेही. मात्र ते चित्र दिवाणखान्याच्या आतून काढलेले आहे. माझ्या आजोबांनी ग्रामोफोन पहिल्यांदा ऐकला तो वाड्याच्या बाहेर उभे राहून. आम्हाला त्या ओसरीवर चढायची मुभा नव्हती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या काळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा इतिहास पाहिला, तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे माझे आबा आपल्या गावचा उंबरा न ओलांडता चार राजवटींत राहिले. त्यांच्या लहानपणी बाजारात हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये, असा हिशेब. ‘पोलीस ॲक्शनच्या साली मी सात वर्षांचा’, यावरून आम्ही त्यांचे वय धरतो. रझाकारांच्या भीतीने रात्री ज्वारीच्या कडब्यात लपून बसल्याचे ते सांगतात. त्या काळाला कुणी ‘शांत, निवांत खेडेगावाचे दिवस’ म्हटले की ते नुसते हसतात.

तेराव्या वर्षी, म्हणजे १९५४ च्या सुमारास, आबा हिंगोलीच्या एका लाऊडस्पीकरच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागले. आमच्या भागातील तबकडीचा खरा इतिहास मला येथे सापडला. आमच्याकडे ग्रामोफोन ही घरात ठेवण्याची चीज कधी नव्हतीच. ती भाड्याने आणण्याची चीज होती. लग्नाच्या आदल्या दिवशी बैलगाडीत चावीचा ग्रामोफोन, ॲम्प्लिफायर, मोटारीची जड बॅटरी, दोन भोंगे आणि तबकड्यांची पेटी घालून निघायचे. गावात वीज नव्हतीच, सगळा कारभार बॅटरीवर. तबकड्या फुटू नयेत म्हणून पेटीखाली कडबा अंथरायचा आणि तरीही ओढ्याच्या उताराला ती मांडीवर घेऊन बसायचे. ‘लेकरू घ्यावं तशी घ्यावी लागायची’, असे आबा म्हणतात. भातुकलीतल्या तव्याबद्दल मार का बसला, ते हे ऐकले तेव्हा समजले.

गावी पोचल्यावर भोंगे लिंबाच्या झाडाला बांधायचे. पहाटे भजन, अभंग. ऊन वर आले की सिनेमाची गाणी. मंगलाष्टकांच्या वेळी यंत्र बंद. पंगतीला पुन्हा सुरू. जेवण आबांना झाडाखालीच मिळे, पंगतीत नव्हे. एका लग्नाचे आठ आणे आणि जेवण, ही मजुरी. भोंग्याचे तोंड वाड्याकडे असावे असा यजमानांचा आग्रह असे. आबा एक भोंगा वाड्याकडे बांधीत आणि दुसरा गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीकडे. कुणी विचारले तर म्हणत, ‘मालक, वारा तिकडचा हाय, आवाज फिरून हिकडंच येतो.’ वाऱ्याचे हे शास्त्र बरोबर आहे की नाही ते भौतिकशास्त्राच्या सरांनी ठरवावे. वस्तीतील बायका मात्र त्या दिवशी निंदायला जाताना बांधावर थांबत आणि गाणे संपले की पुढे जात, हे त्यांनी स्वतः पाहिलेले आहे.

लग्नाशिवाय नरसीला नामदेव महाराजांची यात्रा, औंढ्याला महाशिवरात्र आणि हिंगोलीचा दसरा या तीन ठिकाणी दुकानाला काम असे. दसऱ्याच्या प्रदर्शनात इतके भोंगे एकाच वेळी वाजत की कुठले गाणे कुठून येते ते कळत नसे. फिरत्या तंबूतल्या टॉकीजवालेही खेळाआधी तबकड्या लावीत. रेडिओ होता, पण थोड्यांकडे. त्याला वर्षाचा परवाना काढावा लागे. शिवाय १९५२ साली आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती आणि ती ऐकायला लोक रेडिओ सिलोन लावीत. त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी संध्याकाळी ऐकायला हिंगोलीच्या एका हॉटेलापुढे गर्दी जमे. तिथे जे गाणे वाजे त्याची फर्माईश पुढच्या लग्नात होई. मग दुकानदार ती तबकडी मागवी.

आता पेटीकडे वळते. तीत ३८ तबकड्या निघाल्या. हिंदी सिनेमाच्या १७, मराठी सिनेमाच्या आणि लावणीच्या ९, भजन-अभंगाच्या ६, नाट्यगीतांच्या ३, कव्वालीच्या २ आणि बँडची १. आबांना अक्षरओळख नाही. त्यांनी प्रत्येक तबकडीच्या लेबलावर रंगाची खूण केली होती: भजनाला शेंदरी ठिपका, लावणीला हिरवा, सिनेमाला चुन्याची रेघ. कुत्र्याचे चित्र कुठे आहे आणि दोन जोडलेल्या स्वरचिन्हांचे कुठे, यावरून कंपनी ओळखायची. आणि एवढ्यानेही भागले नाही तर तबकडी उन्हात तिरपी धरायची. जोरकस वादनाचा भाग फिकट दिसतो आणि हळू आवाजाचा गडद, त्यावरून कोणते गाणे ते सांगता येते. मला हे थोतांड वाटले होते. मी लेबलावर हात ठेवून नऊ तबकड्या त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी आठ बरोबर सांगितल्या. नवव्यावर त्यांचे म्हणणे असे की लेबलच चुकीचे आहे! ज्या तबकडीला ते साठ-सत्तर वर्षे ‘नागाची’ म्हणत आले, तिच्यावरचे इंग्रजी नाव मी त्यांना वाचून दाखविले. ‘नागिन’, चित्रपट १९५४ चा, संगीत हेमंतकुमार. त्यातली बीन ही खरी पुंगी नसून कल्याणजी यांनी क्लाव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजविलेली आहे, हेही सांगितले. ते ऐकून आबांना जरा वाईट वाटलेले दिसले. हे सांगितले नसते तरी चालले असते.

ठरल्याप्रमाणे संग्राहक आले. मनाने चांगले गृहस्थ, हे मुद्दाम नमूद करते. त्यांनी तबकड्यांना हात लावण्यापूर्वी हात धुतले. सोबत एक लहान यंत्र आणले होते. तबकड्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरीत ते दोन थप्प्या लावू लागले. अर्ध्या तासाने एका थप्पीत २१ झाल्या आणि दुसरीत १७. त्यांनी २१ घेतल्या, प्रत्येकी ४०० रुपयांप्रमाणे ८,४०० रुपये वडिलांच्या हातात ठेवले आणि उरलेल्या १७ परत पेटीत ठेवायला सांगितल्या. ‘या फार घासलेल्या आहेत, यांना किंमत नाही.’

त्या घासल्या कशाने, हे मी तोवर आबांकडून समजून घेतले होते. लोखंडी पिन एका बाजूला एकदा वापरून टाकून द्यायची, असा नियम. तबकडीतील दगडाची पूड पिनेला झिजवते. झिजलेल्या पिनेला धारदार कडा येतात आणि वरच्या साऊंड बॉक्सच्या वजनाने त्या कडा तबकडीची वळणे खरवडतात. डबीत दोनशे पिना येत. पण दुकानदार एका लग्नाला दोन-तीनच पिना देई. आबा त्या सहाणेवर घासून पुन्हापुन्हा लावीत. अगदीच संपल्या तर बाभळीचा काटा. काट्याने आवाज हळू येई, पण तबकडी कमी झिजे. लग्नघरी हळू आवाज कुणाला हवा असतो? पुन्हा सहाणेवरची पिनच लागे.

रात्री मी वही उघडून गेलेल्या आणि राहिलेल्या तबकड्यांची यादी जुळवू लागले. नाट्यगीतांच्या तिन्ही गेल्या. कव्वालीच्या दोन्ही गेल्या. बँडची गेली. या सहाही कोऱ्या करकरीत होत्या, कारण लग्नात त्यांना कुणी मागत नसे. दुकानदाराने त्या प्रतिष्ठित घरांसाठी आणून ठेवल्या होत्या. भजनाच्या चार गेल्या, मराठी सिनेमाच्या चार, हिंदीच्या सात. मागे राहिल्या त्या दहा हिंदी सिनेमाच्या, पाच लावणीच्या आणि दोन भजनाच्या. त्यात ‘नागिन’ आहे. आणि १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ची तबकडी आहे, जी पार पांढुरकी पडली आहे. हा वसंत पवारांच्या संगीताचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला होता. आमच्याकडे तो किती आठवडे चालला, ते त्या पांढुरक्या वळणांवरून समजावे.

माझा मुद्दा एवढाच आहे. जी तबकडी जास्त वाजली ती झिजली, आणि जी झिजली ती संग्रहात गेली नाही. उद्या एखादा अभ्यासक त्या संग्रहापुढे बसून ‘१९५० ते १९७० या काळात हिंगोली परिसरात काय ऐकले जाई?’ असा प्रश्न विचारील, तर त्याला उत्तर मिळेल: नाट्यगीते, कव्वाली आणि बँड. बालगंधर्वांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे, परंतु आमच्या लिंबाच्या झाडावर ते जवळजवळ वाजलेच नाहीत. संग्राहकाची नजर आवाज शोधते, आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ओरखडाही वाचला पाहिजे.

हा मजकूर मी आमच्या सरांना दाखविला तेव्हा त्यांनी मला बजावले की संग्राहकांना एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नकोस. ते खरे आहे. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकड्या जमविल्या, त्यांच्या याद्या केल्या, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालविले. १९७० च्या सुमारास अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या आपल्याकडे निघेनाशा झाल्या. नंतर कॅसेट आली. त्या काळात हा माल भंगारात जात होता. तो कुणी उचलला नसता तर आज ऐकायला काहीच उरले नसते. आमच्या २१ तबकड्या चांगल्या हाती पडल्या आहेत याचा मला आनंदच आहे. भावाचे वसतिगृहाचे पैसेही वेळेवर भरले गेले. ही गोष्ट लपवून तबकड्यांच्या नावाने गळा काढणे मला शोभणार नाही.

आणि खुद्द आबांना त्या दिवसांची ओढ आहे का? हा प्रश्न मी त्यांना तीन-चार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला. १९७२ च्या दुष्काळात लग्ने थांबली, दुकान सहा महिने बंद राहिले आणि मागची मजुरी बुडाली; त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढे कॅसेटच्या दिवसांत दुकानदाराने बुडालेल्या मजुरीपोटी ही पेटी त्यांच्या गळ्यात मारली. म्हणजे ज्याला आम्ही वारसा समजत होतो ती मुळात थकबाकी होती. असे असूनही, संग्राहकांनी जाण्यापूर्वी आबांच्या आग्रहावरून ‘नागाची’ तबकडी यंत्रावर लावली तेव्हा ते उठून उभे राहिले. तबकडी नुसती खरखरत होती. गाणे कुठे लांबून, गोधडीखालून आल्यासारखे. संग्राहक संकोचून म्हणाले, ‘आजोबा, हिच्यात आता काही राहिले नाही.’ आबा म्हणाले, ‘आसंच वाजायचं की. तव्हा बी आसंच वाजायचं.’

म्हणून उरलेल्या १७ तबकड्यांसाठी मी वहीत एक नवा रकाना आखला आहे: ‘कुणी मागितली’. संध्याकाळी आबा सांगतात आणि मी लिहिते. अमक्या गावच्या लग्नात नवरीच्या मामाने पाच वेळा लावायला लावली. औंढ्याच्या यात्रेत एक बाई रोज येऊन हीच मागायची. ही लावली आणि मांडवाला आग लागली, तेव्हापासून त्या गावात लावली नाही. माणसांची खरी नावे मी वहीतच ठेवली आहेत. आतापर्यंत ११ तबकड्यांचा रकाना भरला आहे. आपल्या महाविद्यालयातील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी अशा तबकड्या, फुटक्या का होईनात, असतील त्यांनी मराठी विभागात मला भेटावे; येताना तबकडी आणली नाही तरी चालेल, ती कुणी मागायचे हे सांगू शकणारे माणूस घरात आहे का, ते तेवढे विचारून यावे.